पॉलिशचा तांदूळ आणि दादांचं घड्याळ

मंडळी, गेले दोन महिने आमच्या घरात एकाच गोष्टीवर खल चालू आहे. दादांच्या ओमेगा घड्याळाला पॉलिश करायचं की नाही, आणि करायचं तर कुठे. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावर इतके निरोप येऊन पडले की लग्नाच्या याद्या वर कुठेतरी हरवून गेल्या. मला टाइप करायला वेळ लागतो. मी चार ओळी लिहीपर्यंत विषय आचाऱ्यापर्यंत गेलेला असतो. म्हणून म्हटलं, इथेच सविस्तर लिहावं. नातेवाईक इथेही येतात (आणि निवृत्त मास्तरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढून जातात), आणि बाकीच्या ब्लॉगकरांपैकी कुणाच्या कपाटात असं एखादं घड्याळ पडून असेल तर त्यांच्याही कामाला येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. साठच्या दशकात घाटघर सोडून मुंबईला गेले आणि एका पारशी कुटुंबाकडे ड्रायव्हर म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. शेठ थकले, गाडीतून फिरणं बंद झालं, तेव्हा १९७९ साली त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दादांना दिलं. ओमेगाचं सीमास्टर, स्टीलचं, रोज चावी द्यायचं. त्या काळी आम्हा मास्तर लोकांच्या हातात एचएमटी आलं तरी आम्ही बाही जरा वर सरकवून फळ्यावर लिहायचो. दादांनी मात्र ते ओमेगा एचएमटीसारखंच वापरलं. गाडीचा जॅक लावताना, बॉनेटखाली हात घालताना, पुढे गावी आल्यावर भात कापतानासुद्धा. जाताना माझ्याकडे देऊन गेले ते एवढंच सांगून, की नातवाच्या लग्नात त्याला दे.

तर नातवाचं लग्न आता मार्गशीर्षात आहे. त्याच्या आईचं, म्हणजे आमच्या सूनबाईंचं म्हणणं असं की मांडवात नवरदेवाच्या हातात असं ओरखडे उठलेलं घड्याळ बरं दिसत नाही, चांगलं आरशासारखं करून घ्या. तिचं चुकत नाही. महागातली वस्तू आहे, द्यायची तर नीट करून द्यावी असं कुणालाही वाटेल. मीही पहिल्यांदा हो म्हणणारच होतो. पण मास्तरकीची खोड, एखाद्या शब्दाशी अडलो की पुढे जाता येत नाही. मी 'पॉलिश' या शब्दाशी अडलो.

आपण मराठीत बुटाला पॉलिश 'लावतो', कपाटाला पॉलिश 'मारतो'. म्हणजे डबीतून काहीतरी काढायचं आणि वर चढवायचं. भांड्याला कल्हई करतात तीही वर चढते, दागिन्यावर मुलामा देतात तोही वर चढतो. त्यामुळे घड्याळाला पॉलिश म्हटलं की मनात तेच येतं, चकाकीचा एक थर वर बसेल आणि ओरखडे खाली झाकले जातील. पण मराठीत दुसरंही पॉलिश आहे. ते आमच्या घाटघरच्या कुठल्याही बाईला विचारा. पॉलिशचा तांदूळ! हातसडीच्या तांदळावरचा लालसर कोंडा खरवडून काढला की उरतो तो पांढराशुभ्र, दिसायला देखणा पॉलिशचा तांदूळ. त्यावर काही चढवलेलं नसतं, असलेलं काढलेलं असतं. घड्याळाचं पॉलिश हे या जातीचं आहे.

ओरखडा म्हणजे धातूत पडलेली चर. चर बुजवायला तिथे काही भरत नाहीत. चरीच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं स्टील घासून खाली आणतात. सगळीकडे सारखी उंची झाली की चर 'गेली' असं आपण म्हणतो. (खोल खड्ड्यात लेझरने नवं स्टील वितळवून भरण्याची पद्धत आता आली आहे, पण ते काम करणारे थोडे आणि ते गल्लीतल्या दुकानाचं काम नव्हे.) घासणं झालं की कापडी चाकावर तांबडं रूज लावून ते चाक मोटरवर फिरवतात आणि त्यावर घड्याळ धरतात. तेच बफिंग. त्या तांबड्या वडीकडे पाहून पुन्हा वाटतं की काहीतरी लावतायत. लावत नाहीत, खरवडतायत, फक्त फार बारीक.

हे पटत नसेल तर सोनारांकडे बघा. सोनाराच्या दुकानातला केर, राख, पायाखालची माती विकत घेऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोट भरत आले. घासताना, झिलई देताना दागिन्यातून काही जातच नसतं तर झारेकऱ्यांनी काय मातीत हात घातला असता? सोन्याचा चुरा जपून ठेवतात म्हणून तो लक्षात येतो. स्टीलचा चुरा फुंकून टाकतात.

नवरदेवाने, म्हणजे ज्याला ते घड्याळ मिळायचं आहे त्याने, यावर चांगला मुद्दा काढला. तो चाकणला कारखान्यात क्वालिटीत आहे, दिवसभर मायक्रोमीटर हातात. म्हणाला, आजोबा, बफिंगमध्ये जाऊन जाऊन किती जाणार? काही मायक्रॉन. पूर्ण केसची जाडी बघा. हिशोब म्हणून त्याचं बरोबर आहे. पण मी त्याला म्हटलं, तुझं मायक्रोमीटर सपाट जागी लाव आणि मग कडेला लाव. मऊ कापडाचं चाक फिरत असतं ते सपाट भागाला सारखं घासतं, पण कडेवर आलं की दोन्ही बाजूंनी कवळतं. त्यामुळे आधी झिजते ती कड. पट्टा अडकवायची ती चार शिंगं असतात ना, त्यांच्या धारदार कडा पहिल्यांदा गोल होतात. पिनांची भोकं पसरट होतात. वरच्या बाजूला बारीक रेघांचं मंद फिनिश आणि बाजूला आरसा, अशी जी सीमारेषा मूळ कारागिराने आखलेली असते ती पुसते आणि सगळंच गुळगुळीत होतं. चोखून चोखून उरलेली लिमलेटची गोळी असते तसं. साबणाच्या वडीसारखं म्हणा हवं तर. त्या कडाच त्या घड्याळाचं नाकडोळे असतात. महागड्या घड्याळात पैसे मोजलेले असतात ते मशीनइतकेच या कडांसाठी.

आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दादांच्या घड्याळाला एकदा पॉलिश झालेलं आहे. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यांनी हौसेने मुंबईत एका दुकानात करून घेतलं होतं. नाव लिहीत नाही, दुकानही आता राहिलं नसेल. सीमास्टरच्या मागच्या झाकणावर समुद्री घोडा असतो, अर्धा घोडा अर्धा मासा. दादांच्या घड्याळावरच्या घोड्याची आयाळ दिसत नाही. तोंड आहे की शेपूट हे भिंग घेऊन ठरवावं लागतं. मनगटावर घासून एवढं गेलं असेल असं मला आधी वाटायचं, पण मनगटाने झाकणाच्या मधला भाग झिजतो, इथे कडेच्या अक्षरांचीही धार गेली आहे. ते चाकाचंच काम. आता दुसऱ्यांदा चाकावर धरलं तर घोडा जाईल, मागे उरेल नुसता स्टीलचा चकचकीत चकती-पैसा.

सूनबाईंना मी फोनवर दुसरं उदाहरण दिलं. आपल्या आजीच्या रुखवतातला तो पितळेचा मोठा डबा आठव. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, कुणी कुणाला सप्रेम भेट दिली, साल, सगळं. आता त्यावर काय वाचता येतं? चिंच आणि राखेने साठ वर्षं घासून घासून 'सप्रेम' तेवढं उरलंय. कुणी नाव पुसायला घासलं नव्हतं. स्वच्छ राहावा, लखलखीत राहावा म्हणूनच घासलं. त्यावर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, पण मामंजी, डबा वापरात राहिला ना? आता याला काय उत्तर द्यायचं! :)

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्या नावावर भलतंच खपायचं. ओरखडे म्हणजे आठवणी, प्रत्येक रेघ म्हणजे दादांच्या आयुष्याचं पान, असलं काहीतरी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं आणि त्याला अकरा जणांनी हात जोडले. मला ते पटत नाही. त्यातले निम्मे ओरखडे एसटीच्या दाराच्या दांडीचे असतील. काही माझ्या कपाटातल्या किल्ल्यांचे. त्यात पवित्र काही नाही. उद्या कुणी जादूने, धातू न काढता ते पुसून दिले तर मी आनंदाने पुसून घेईन. माझी हरकत ओरखडा घालवायला नाही, त्यासाठी दुसरं जे जातं त्याला आहे. आमच्या गावाशेजारचं नाणेघाटचं लेणं ज्यांनी पाहिलं असेल त्यांच्या लक्षात येईल. नागनिकेचा दोन हजार वर्षांमागचा ब्राह्मी लेख आहे तिथे, त्यात आकडेसुद्धा कोरलेले. आणि हौशी ट्रेकर मंडळींनी दगडाने खरडलेली आपली नावंही आहेत भिंतींवर. ती नावं पाहून संताप येतो. पण म्हणून कुणी सबंध भिंत घासून काढा म्हणेल का? त्या नावाबरोबर सातवाहनही जातील.

पैशाच्या बाजूनेही सांगतो, कारण आपल्याकडे पैशाचं बोललं की मग लोक ऐकतात. जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या जगात न घासलेल्या केसला जास्त मोल आहे, अतिपॉलिश झालेलं घड्याळ तिथे पडेल भावात जातं. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन, त्याचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कला लिलावात गेलं ते पावणेदोन कोटी डॉलरच्या वर. त्याला मोटारींच्या शर्यतीचा नाद. बायकोने ते घड्याळ देताना मागे कोरून घेतलं होतं, गाडी जपून चालव, अशा अर्थाचं. विकणाऱ्याने ते झाकण घासून नवं केलं असतं तर काय उरलं असतं? आमच्या दादांना असं कुणी कोरून दिलं नाही, पण वहिनी रोज सकाळी तेच वाक्य तोंडी म्हणायच्या.

आणि याच जगात आपल्या मुंबईचंही नाव आहे, पण ते कशासाठी हे ऐकून मला वाईट वाटलं. जुन्या स्विस घड्याळाचं मशीन, दुसऱ्याच घड्याळाचे काटे, भडक रंगात नव्याने छापलेली डायल, आणि बफिंग करकरून गोटा केलेली केस, असं जुळवून 'अगदी नव्यासारखं जुनं' म्हणून जे विकतात त्याला जगभरचे लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. फावर-लुबा, वेस्ट एंड, आपलं एचएमटी, सगळ्यांचे असे अवतार निघाले. मी त्या कारागिरांना नावं ठेवणार नाही. मेलेलं मशीन चालतं करणं ही साधी विद्या नव्हे, आणि हजार-दीड हजारात कुणाच्या हातात चावीचं घड्याळ पडत असेल तर चांगलंच आहे. चूक आहे ती त्याला 'मूळ' म्हणून विकण्यात. पण आपल्या लोकांना जुनी वस्तू नव्यासारखी चकाकलीच पाहिजे, हा जो हट्ट आहे, त्यातून तो माल निघाला आहे हेही खरं. गिऱ्हाईक आरसा मागतं, दुकानदार आरसा देतो.

जाता जाता एक गंमत. घड्याळाची काच फुटू नये, तोंडाला मार लागू नये म्हणून १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये एक घड्याळ निघालं, जेजे-ल्कूल्त्र कंपनीचं रिव्हर्सो. खेळायला जाताना डबीच्या आत उलटं फिरवून ठेवायचं, म्हणजे पाठ वर आणि तोंड खाली. ते काढायला निमित्त कोण झाले, तर हिंदुस्थानात पोलो खेळणारे इंग्रज अधिकारी. मार पडला की घासत बसण्यापेक्षा मार पडू न देणं, हा विचार मला जास्त शहाणपणाचा वाटतो. असो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. या आषाढात मी घड्याळ घेऊन घाटघरला होतो. ज्यांनी आमच्याकडचा पावसाळा पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. जीवधन चार-चार दिवस दिसत नाही, धुकं दारातून आत येऊन चुलीपाशी बसतं, काडेपेटी सादळते, पापड सादळतात, अंथरूण सादळतं. एका सकाळी पाहतो तर घड्याळाच्या काचेवर धुकं, आणि पुसलं तरी जाईना. आतून होतं! सीमास्टर नाव, समुद्राचा राजा, आणि घाटघरच्या धुक्यापुढे हात टेकले. यात कंपनीचा दोष नाही. झाकणाच्या खाली पातळ रबरी रिंग असते, ती वर्षं उलटली की कडक होते, चिरते, मग तिथून दमट हवा आत शिरते. चावीच्या दांडीपाशीही तसंच. दुपारपर्यंत धुकं विरलं, घड्याळ चालतच होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दोन महिने आम्ही सगळे बाहेरच्या ओरखड्यांवर भांडतोय, आणि खरं नुकसान चालू आहे ते आत. ओरखडा पन्नास वर्षं तसाच राहील, वाढणार नाही. गंज रोज वाढतो.

पुढच्या आठवड्यात घाटघरहून जुन्नर, जुन्नरहून पुणे असा प्रवास केला. आधी एका दुकानात दाखवलं. तिथल्या तरुणाने उलटसुलट करून म्हटलं, काका, अर्ध्या तासात नवंकोरं करून देतो, तोवर चहा घेऊन या. मी आतल्या धुक्याचं सांगितलं तर म्हणाला, ते उन्हात ठेवा. चहा मी दुसरीकडे घेतला आणि परत गेलो नाही. मग एका मोठ्या शोरूममध्ये. तिथे वागणूक उत्तम, थंडगार पाणीसुद्धा दिलं. घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाईल, उघडून पाहिल्यावर खर्चाचा अंदाज कळवतील, काम पक्कं होईल. हा मार्ग वाईट नाही. नव्या घड्याळाला, वॉरंटीतल्या घड्याळाला तर मी तोच सांगेन, कारण बंद करताना पाण्याच्या दाबाची चाचणी घेण्याचं यंत्र, मूळ सुटे भाग, हे सगळं तिथे असतं. पण एक गोष्ट तिथे विचारून घ्या. कंपन्यांच्या पूर्ण सर्व्हिसमध्ये केसचं पॉलिश बहुधा धरलेलंच असतं. नको असेल तर तुम्हाला आधी, लेखी, सांगावं लागतं. जुने काटे, जुनी डायल बदलणार का, आणि बदलली तर जुनी परत देणार का, हेही. त्या मुलीला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, सर, पॉलिश तर त्यातच येतं, वेगळे पैसे नाहीत. फुकट आहे म्हणून नको म्हणायचं, ही कल्पनाच तिला नवी होती.

शेवटी एका ओळखीच्या सांगण्यावरून पेठेतल्या एका बोळात गेलो. जिन्याखाली टेबल, त्यावर काचेचं झाकण, डोळ्याला भिंग लावलेले एक वयस्कर घड्याळजी. त्यांना मी मुद्दाम काहीच बोललो नाही, नुसतं घड्याळ पुढे केलं. त्यांनी ओरखड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. कानाशी धरलं, चावी अर्धा फेरा फिरवली, मग मागचं झाकण उघडलं आणि भिंग खाली घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पाण्यात घातलं होतं?"

"नाही. घाटघरला होतं. नाणेघाटाच्या वर."

"तेच म्हणतो." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. चावीच्या दांडीवर तांबूस ठिपके, आणि शेजारच्या एका स्क्रूच्या डोक्यावरही. "आत्ता आलात ते बरं. दांडी बदलू, मशीन पूर्ण खोलून धुवू, नवं तेल, दोन्ही रिंगा नव्या. मशीन चांगलं आहे."

मग मी पॉलिशचं विचारलं. त्यांनी केस उजेडात तिरकी धरली, अंगठा एका शिंगाच्या कडेवरून फिरवला आणि म्हणाले, "हे एकदा कुणीतरी घासलंय. मी नाही करणार. तुम्हाला पाहिजेच असेल तर दुसरीकडे करा, पण मग माझ्याकडे रिंग घट्ट बसत नाही म्हणून येऊ नका." गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा माणूस सापडला की मला फार बरं वाटतं. शाळेतही पालकांना नाही म्हणणारे मास्तरच शेवटी लोकांच्या लक्षात राहायचे.

काचेचं मात्र त्यांनी लगेच केलं. या जुन्या घड्याळांची काच खरी काच नसते, ॲक्रिलिक असतं. नखाने टिचकी मारली तर बद्द आवाज येतो. ती लवकर चरते पण तितकीच लवकर साफही होते. जाडी भरपूर असते, आणि ती गेली तर बदलता येते, त्यामुळे तिथे घासण्याचं पाप नाही. घरी साधी टूथपेस्ट मऊ फडक्यावर घेऊन गोल गोल घासली तरी निम्मे ओरखडे जातात. बाजूच्या स्टीलवर चिकटपट्टी लावून घ्यायची आणि पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढं पथ्य. पण ही युक्ती नव्या घड्याळांना करू नका. त्यांची काच बहुतेक वेळा कृत्रिम नीलमची असते. काठिण्याच्या मोहस्‌च्या मोजपट्टीवर हिरा १० आणि नीलम ९, तिथे टूथपेस्ट काय करणार? तिच्यावर चर पडलीच तर बदलणंच बरं. घड्याळजींनी एक गोष्ट दाखवली ती मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. ओमेगाच्या मूळ ॲक्रिलिक काचेच्या बरोबर मध्यभागी कंपनीचं इवलंसं चिन्ह असतं, भिंगाखाली नीट उजेड पडला तरच दिसेल असं. दादांच्या काचेत ते आहे. म्हणजे काच मूळची. ऐंशीच्या दशकातल्या त्या दुकानाने निदान तिला हात लावला नव्हता.

आता पॉलिश कधीच करू नये असं मी म्हणतो का? तर नाही. कालपरवा घेतलेलं स्टीलचं घड्याळ आहे, तुमचं स्वतःचं आहे, ओरखडा बोचतो, बाही अडकते, तर चांगल्या ठिकाणी, आयुष्यात एखाद्‌दुसऱ्या वेळा करा, कड राखून करा. स्टीलच्या साखळीच्या पट्ट्याला खुशाल करा, तो बदलताही येतो. पण मुलाम्याच्या घड्याळाला चाक कधीही नाही. आमच्याबरोबरच्या एका गुरुजींनी लग्नातलं सोनेरी घड्याळ मुलीच्या लग्नासाठी म्हणून बफ करून घेतलं होतं. दोन मिनिटांत सोनं गेलं आणि खालचं पितळ हसायला लागलं. आणि जे घड्याळ तुमच्या आधी दुसऱ्याचं होतं आणि तुमच्यानंतर तिसऱ्याचं होणार आहे, त्याच्या बाबतीत तुम्हाला तो अधिकार किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलंय. माझ्याकडे ते ठेवायला दिलं होतं. मी ते कमी करून देणार नाही. नातवाला पुढे वाटलं तर त्याने खुशाल चाकावर धरावं, घड्याळ त्याचं, चाकणला यंत्रंही आहेत. पण त्याच्याकडे तेवढा पर्याय तरी शिल्लक असेल. घासून दिलं तर तोही राहत नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळींसाठी निर्णय असा. घड्याळ बोळातल्या घड्याळजींकडे दिलेलं आहे. सोबत माझ्या अक्षरात चिठ्ठी, दोन प्रती, एकीवर त्यांची सही. केस व मागचे झाकण घासू नये, डायल व काट्यांना हात लावू नये, काढलेले सुटे भाग परत द्यावेत. नवा चामड्याचा पट्टा मात्र मीच सांगितला आहे, काळा, जरा भारीतला. जुना कुजलाच होता. केस साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुऊन देणार आहेत. चाळीस वर्षांचा मळ शिंगांच्या बेचक्यात बसला आहे, तो गेला तरी बराच फरक पडेल म्हणाले. खर्चाचा आकडा विचारू नका, तो माझा आहेर समजा. दिवाळीनंतर घेऊन येईन, आणि तोपर्यंत आमच्याकडचं धुकंही ओसरलेलं असेल. नातवाने पुण्यातच राहावं आणि पावसाळ्यात घड्याळ गावी आणू नये, असा घड्याळजींचा निरोप आहे. त्यातला दुसरा भाग मला मान्य आहे, पहिला नाही.

सूनबाईंनी अजून मनापासून हो म्हटलेलं नाही. फोटोवाल्याला तिने सांगून ठेवलंय म्हणे, की नवऱ्या मुलाचे फोटो काढताना उजव्या बाजूने काढ.